दंडुक्याला पदवी, कैद्याला कुलूप

१९ जून १९६८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गुन्हेनियंत्रणाच्या एका मोठ्या कायद्यावर सही केली. ह्या कायद्याच्या पोटात एक शिष्यवृत्ती होती. पोलीस, तुरुंगांतले कर्मचारी आणि न्यायव्यवस्थेत काम करणारे इतर लोक यांनी महाविद्यालयात जाऊन पदवी घ्यावी, म्हणून केंद्र सरकारने त्यांना कर्ज आणि अनुदान द्यायचे, अशी ती योजना. लॉ एन्फोर्समेंट एज्युकेशन प्रोग्रॅम हे तिचे नाव; आद्याक्षरांवरून तिला ‘लीप’ म्हणत. १९६९ साली तिच्यावर ६५ लाख डॉलर खर्च झाले. १९७५ च्या सुमारास हा आकडा वर्षाला ४ कोटींवर गेला. हजाराच्या आसपास महाविद्यालये तिच्यात सामील झाली आणि एकेका वर्षी लाखभर माणसे तिच्या पैशावर शिकू लागली.

ह्या योजनेची चिकित्सा मराठीत कशासाठी, असे कोणी विचारील. आम्ही १९७२ साली आमच्या संघटनेला नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या संघटनेवरून. त्यांच्या कविता, त्यांची आत्मचरित्रे, त्यांच्या तुरुंगातल्या पत्रांचे संग्रह आम्ही मिळतील तसे वाचले, त्यांवर लिहिले, भांडलो. परंतु त्याच वर्षांत त्यांच्यासमोर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला सरकार कोणती पुस्तके विकत घेऊन देत होते, हे मात्र आम्ही पाहिले नाही. शोषिताचे साहित्य वाचावे तसे शोषणाच्या यंत्रणेचे क्रमिक पुस्तकही वाचले पाहिजे. ते अधिक कंटाळवाणे असते, एवढाच फरक.

आणखी एक अडचण आधीच सांगून टाकतो. शिक्षण नको असे आपल्यापैकी कोणालाही म्हणता येत नाही. ज्यांना शब्द ऐकण्याचीही बंदी होती त्यांची आम्ही मुले. पोलिसाने शिकू नये, अडाणीच राहावे, असे म्हणणे आमच्या तोंडी शोभणार नाही, आणि ते खरेही नाही. पोलीस हा कोठेही राजघराण्यातून येत नाही. अमेरिकेतला त्या काळचा पोलीस बहुधा आयरिश किंवा इटालियन कामगाराचा मुलगा होता. आपला शिपाई कोरडवाहू शेतकऱ्याचा, आणि आता कधीकधी आपल्याच वस्तीतला. घरातला पहिला पदवीधर होण्याचा आनंद त्याच्या आईलाही होतोच. म्हणून ‘लीप’ला सरसकट शिवी देऊन मोकळे होणे मला जमत नाही. तिची चिकित्सा करायची ती दुसऱ्या प्रश्नांनी. कोणाच्या भीतीपोटी हा पैसा निघाला, त्याच्याबरोबर कोणता करार आला, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाच्या हातातले पुस्तक काढून घेतले गेले?

भीती कोणाची होती ते लपलेले नाही. १९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजलिसच्या वॉट्स वस्तीत दंगल उसळली, ३४ माणसे मेली. १९६७ च्या जुलैमध्ये न्यूअर्कमध्ये २६, डेट्रॉइटमध्ये ४३. वॉट्समध्ये एका काळ्या मोटारचालकाची अटक, न्यूअर्कमध्ये काळ्या टॅक्सीचालकाची अटक आणि मारहाण, डेट्रॉइटमध्ये रात्री उशिरा चालणाऱ्या एका दारूच्या अड्ड्यावर छापा: ठिणगी प्रत्येक वेळी पोलिसाच्या हातून पडली होती. जॉन्सनने नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ च्या सुरुवातीला अहवाल दिला तो असा की ह्या दंगलींच्या मुळाशी गोऱ्या समाजाचा वर्णद्वेष आहे. घरे, नोकऱ्या, शाळा ह्यांवर मोठा खर्च करा, असे आयोगाने सांगितले. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि पुन्हा शहरे पेटली. त्यानंतर अडीच महिन्यांनी जो कायदा झाला त्यात घरे नव्हती, नोकऱ्या नव्हत्या. पोलीस खात्यांना साधनसामग्रीसाठी अनुदाने होती, आणि पोलिसांसाठी शिष्यवृत्ती होती.

ह्या शिष्यवृत्तीमागची विचारसरणी एक वर्ष आधीच तयार झाली होती. गुन्हे आणि न्यायव्यवस्था यांवर नेमलेल्या दुसऱ्या एका अध्यक्षीय आयोगाने १९६७ साली शिफारस केली की अखेरीस सर्व पोलिसांना चार वर्षांची पदवी असावी हे ध्येय ठेवावे. त्या शिफारशीतले गृहीत तत्त्व साधे आहे. पोलीस मारतो, कारण त्याला कळत नाही. त्याला समाजशास्त्र, मानसशास्त्र, घटनेचा कायदा शिकवला की तो मारणार नाही.

हे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. अस्पृश्यता ही अज्ञानापोटी पाळली जाते, साक्षरता वाढली की ती गळून पडेल, असे शंभर वर्षे आम्हांला सांगण्यात आले. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ह्या भाबडेपणाचा समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे असे की हिंदू माणूस जात पाळतो तो निर्दय किंवा डोके फिरलेला असतो म्हणून नव्हे. ज्या धर्माला तो पवित्र मानतो त्याने जात पवित्र ठरविली आहे म्हणून तो ती पाळतो. अर्थात दोष शोधायचा तो पाळणाऱ्या व्यक्तीच्या अडाणीपणात नव्हे, तर ज्याच्या आज्ञेने तो पाळतो त्या शास्त्रात. पोलिसाच्या बाबतीत हाच युक्तिवाद लावून पाहा. शिपाई अमुक वस्तीत गस्त घालतो, अमुक रंगाच्या पोराला थांबवतो, अमुक बंगल्याच्या फाटकाशी सलाम ठोकतो. हे त्याला अज्ञानाने सुचलेले नसते. ते त्याला नेमून दिलेले असते. मग व्यक्तीला पदवी दिल्याने नेमणूक कशी बदलावी?

‘लीप’चा करार मुळातून वाचण्याजोगा आहे. पूर्ण वेळ शिकणाऱ्याला वर्षाला १८०० डॉलरपर्यंत कर्ज. शिकून झाल्यावर पोलीस खात्यात किंवा तशाच दुसऱ्या खात्यात नोकरी केली की प्रत्येक वर्षामागे पाव कर्ज माफ, म्हणजे चार वर्षांत सगळे फिटले. नोकरीत असलेल्यांना सत्रामागे काही शे डॉलरचे अनुदान, त्यावर दोन वर्षे त्याच खात्यात राहण्याची हमी. म्हणजे शिकून बाहेर पडू नको, शिकून परत ये, असा हा करार. तो वाईटच आहे असे मी म्हणत नाही. सरकारी पैशाला काही परतफेड असावी हे समजू शकते. परंतु ज्या माणसाला शिकताना आपल्या खात्याविषयी शंका येऊ लागली, त्याच्यासाठी ह्या करारात एकही ओळ नव्हती. शंकेची किंमत डॉलरांत परत करावी लागे.

दहा वर्षांनी अमेरिकेतल्याच अभ्यासकांनी ह्या शिक्षणाची झडती घेतली. पोलिसांच्या उच्च शिक्षणासाठी नेमलेल्या एका राष्ट्रीय सल्लागार आयोगाचा अहवाल लॉरेन्स शर्मन यांनी लिहिला. तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो प्रामाणिक आहे आणि काही ठिकाणी चांगलाच कडू आहे. केंद्राचा पैसा आला तशी महाविद्यालयांनी रातोरात पोलीसशास्त्राची खाती उघडली. शिकवायला बहुतेक अर्धवेळ शिक्षक, आणि तेही पुष्कळदा निवृत्त किंवा नोकरीतले पोलीस अधिकारीच. काही वर्ग तर पोलिसांच्याच इमारतीत भरत. अकादमीत कवायत केली त्याचेही पदवीसाठी गुण धरले जात. म्हणजे जमादाराने जमादाराला शिकवायचे आणि त्यावर विद्यापीठाने शिक्का मारायचा. आपल्याकडच्या बी.एड. महाविद्यालयांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

अहवालाचा उपाय असा की पोलिसाला शिकविण्यापेक्षा शिकलेल्यालाच पोलीस करा, आणि अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य आणा. उपाय ठीक आहे. तरीही हा अहवाल वाचून संपवल्यावर माझ्या मनात जे खटकत राहिले ते असे की त्यात पोलिसाच्या शिक्षणाचा दर्जा ठरविणारे सगळे लोक प्राध्यापक, अधिकारी आणि तज्ज्ञ आहेत. ज्याच्या पाठीवर हे शिक्षण तपासले जाणार तो माणूस परीक्षक म्हणून कोठेच नाही. वॉट्समधल्या एखाद्या मोलकरणीला, डेट्रॉइटच्या मोटारकारखान्यातल्या एखाद्या काळ्या कामगाराला, पदवीधर शिपाई आणि बिनपदवीचा शिपाई यांत काय फरक वाटतो, हा प्रश्नच अहवालाच्या रचनेत बसत नाही. साहित्याची समीक्षा करताना आम्ही जे विचारतो तेच इथे विचारायला हवे होते: ही कलाकृती कोणाच्या अनुभवावर उभी आहे, आणि तिच्यावर मत द्यायचा अधिकार कोणाला आहे?

आता त्याच दशकातल्या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवतो. दोन्ही १९७६ च्या.

पहिली कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठातली. तिथल्या गुन्हेशास्त्राच्या विद्यालयाची मुळे ऑगस्ट व्होल्मर ह्या पोलीसप्रमुखापर्यंत जातात. पोलिसांना विद्यापीठात आणण्याची कल्पना अमेरिकेत रुजवली ती त्यानेच. १९७० च्या आसपास ह्याच विद्यालयात काही तरुण अध्यापक उलटे प्रश्न विचारू लागले. गुन्हा कशाला म्हणायचे हे कोण ठरवतो? वर्णद्वेष, युद्ध, गरिबी हे गुन्हे का नाहीत? टोनी प्लॅट हे त्यांतले एक. त्यांना कायम नेमणूक नाकारण्यात आली. १९७५ साली बर्कलेतल्याच एका अभ्यासगटाने केंद्राच्या पोलीस-अनुदानांवर टीका करणारे पुस्तक काढले. त्याच्या नावातच लोखंडी मूठ आणि मखमली हातमोजा अशी प्रतिमा आहे. पुढच्या वर्षी विद्यापीठाने ते विद्यालयच बंद केले. पोलिसाच्या शिक्षणावर सरकार कोट्यवधी खर्च करीत असताना, पोलिसाविषयी शिकविणारे सर्वांत जुने आणि सर्वांत अस्वस्थ विद्यालय बंद पडले. ह्या दोन गोष्टींत विरोध आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ‘लीप’चा करार पुन्हा वाचावा.

दुसरी घटना न्यूयॉर्कची. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीत सव्वाशेहून अधिक वर्षे शिक्षण मोफत होते. १९६९ साली काळ्या आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी संप केला, इमारती ताब्यात घेतल्या, आणि १९७० पासून शहरातल्या प्रत्येक शाळेच्या पदवीधराला प्रवेश मिळू लागला. ज्यांच्या पिढ्यांनी विद्यापीठाची फरशी पुसली त्यांची मुले बाकावर येऊन बसली. सहाच वर्षांत शहराची तिजोरी रिकामी झाल्याचे कारण देऊन विद्यापीठाने १९७६ च्या शरद ऋतूपासून फी लावली. मुले काळी झाली तेव्हाच फी लागली, असे तिथले लोक अजून म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. पोलिसाची ‘लीप’ मात्र त्या वर्षीही चालूच होती.

ह्याच विद्यापीठात जॉन जे कॉलेज आहे. १९६५ मध्ये ते सुरू झाले ते पोलीसशास्त्राचे महाविद्यालय म्हणूनच. खुल्या प्रवेशाच्या धोरणानंतर तिथे पोलिसांबरोबर शहरातली साधी मुले येऊ लागली, त्यांत काळी आणि पोर्तोरिकन मुले पुष्कळ. म्हणजे ब्राँक्समध्ये रात्री ज्याची झडती घ्यायची, तोच सकाळी शेजारच्या बाकावर. ह्या साऱ्या प्रकरणात मला मनापासून आवडलेली जागा ही एवढीच आहे, आणि ती कोणत्याही शिष्यवृत्तीने निर्माण केलेली नाही. ती विद्यार्थ्यांच्या संपाने निर्माण केली.

पोलिसाच्या पदवीची गोष्ट चालली आहे तर पँथरच्या शिक्षणाचीही झाली पाहिजे. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील हे ओकलंडच्या एका सामान्य सरकारी महाविद्यालयातले विद्यार्थी. १९६६ मध्ये त्यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली, आणि तिचे पहिले काम होते पोलिसांच्या गाडीमागून गाडी नेऊन, कोणाला अडवले की योग्य अंतरावर उभे राहून कायद्याचे पुस्तक मोठ्याने वाचणे. लोकांच्या लक्षात बंदुका राहिल्या; पुस्तक राहिले नाही. न्यूटनने कायद्याचे वर्ग केले होते ते, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी. हे शिक्षण सरकारला इतके झोंबले की १९६७ साली कॅलिफोर्नियाने कायदाच बदलून टाकला आणि भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी घातली. पुढे १९८० मध्ये न्यूटनला सांताक्रूझच्या विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय सरकारने पँथरांवर चालविलेली दडपशाही हाच होता. त्याच्या आयुष्याचा शेवट कसा झाला, त्याने स्वतः काय काय केले, हे सगळे भूषणावह नाही, आणि ते झाकण्याचे कारणही नाही. पण पोलिसी व्यवस्थेवरचा एक अस्सल प्रबंध जर त्या काळात लिहिला गेला असेल, तर तो आरोपीने लिहिला.

आणि शिकलेल्यांचे काय? ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टन ह्या एकवीस वर्षांच्या पँथर पुढाऱ्याला त्याच्या बिछान्यात ठार मारले. पोलिसांकडून ऐंशीहून अधिक गोळ्या सुटल्या, आतून एक. ज्या सरकारी वकिलाच्या कचेरीने तो छापा आखला तो हार्वर्डच्या कायदा विद्यालयाचा पदवीधर होता.

परंतु ह्या विषयाचे खरे काळीज तुरुंगात आहे. १९७१ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अॅटिका तुरुंगात कैद्यांनी उठाव केला. त्यांच्या मागण्या वाचल्या तर थक्क व्हायला होते: पुरेसे अन्न, औषधोपचार, धर्माचे स्वातंत्र्य, काळे आणि स्पॅनिश बोलणारे अधिकारी, आणि शिक्षणाची नीट व्यवस्था. ह्या माणसांनी जीव पणाला लावून पुस्तके मागितली. १३ सप्टेंबरला राज्याने गोळीबार करून तुरुंग परत घेतला. त्यात ३९ माणसे मेली, २९ कैदी आणि ओलीस धरलेले १० कर्मचारी. सगळी सरकारी गोळीने. पुढच्याच वर्षी गरीब विद्यार्थ्यांसाठी केंद्राचे जे अनुदान सुरू झाले, ज्याला नंतर पेल अनुदान म्हणू लागले, ते कैद्यांनाही मिळू शकत होते. त्यावर तुरुंगांत महाविद्यालयाचे वर्ग उभे राहिले, देशभर साडेतीनशेच्या आसपास. मालकम एक्सला मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगात शब्दकोश उतरवून काढत स्वतःला शिकवावे लागले होते. आता त्याच्यासारख्याला निदान शिक्षक मिळू लागला.

मग आला १९९४ चा गुन्हेविषयक कायदा. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली तो दिवसही १३ सप्टेंबरच. अॅटिकाच्या गोळीबाराला त्या दिवशी तेवीस वर्षे होत होती, हे सही करणाऱ्याच्या ध्यानात असेल असे वाटत नाही. ह्या एकाच कायद्यात दोन कलमे आहेत. एकाने ‘पोलीस कोअर’ नावाची शिष्यवृत्ती आणली: पदवीसाठी वर्षाला ७५०० डॉलर, एकूण ३०,००० पर्यंत, बदल्यात चार वर्षे पोलिसाची नोकरी. ‘लीप’ चालविणारे केंद्रीय खाते १९८२ मध्ये गुंडाळले गेले होते. तीच कल्पना नव्या नावाने परत आली. दुसऱ्या कलमाने कैद्यांचे पेल अनुदान बंद केले. त्या अनुदानाच्या एकूण रकमेत कैद्यांचा वाटा एक टक्काही नव्हता. पैसे वाचविणे हे कारण नव्हतेच. प्रामाणिक माणसाच्या मुलाला पैसे मिळत नाहीत आणि चोराला मिळतात, असा प्रचार करण्यात आला, आणि तो खपला. वर्ग भराभर बंद पडले. उरले ते बोटांवर मोजण्याइतके. हा दरवाजा पुन्हा उघडायला २०२० च्या डिसेंबरमधला कायदा लागला, आणि तो अमलात आला १ जुलै २०२३ पासून. मधे एकोणतीस वर्षे गेली. एवढ्या काळात तुरुंगात पहिल्यांदा गेलेला मुलगा आजोबा होऊन बाहेर येतो.

पोलिसाला शिकवा ह्या मागणीला माझा विरोध नाही, असे वर म्हटले. पण एकाच कागदावर एका हाताने शिपायाला पदवी आणि दुसऱ्या हाताने कैद्याला कुलूप, ही जी मांडणी आहे ती शिक्षणाची मांडणी नव्हे. ती वर्णव्यवस्थेची मांडणी आहे. विद्या कोणाला द्यावी आणि कोणाच्या कानात तापलेले तेल ओतावे हे ठरविणारी मनुस्मृती आपल्याच देशात लिहिली गेली असे मानण्याचे कारण नाही.

पदवीचा काहीच उपयोग होत नाही, असेही नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या रायडबर्ग आणि टेरिल यांच्या अभ्यासात असे दिसले की महाविद्यालयात शिकलेले पोलीस बळाचा वापर कमी करतात. ही गोष्ट लहान नाही. एक काठी कमी बसली तरी ज्याच्या पाठीवर बसायची त्याला ती मोठीच आहे. मात्र त्याच अभ्यासात पुढे असे आहे की कोणाला अटक करायची, कोणाची झडती घ्यायची, ह्यांत शिक्षणाने काही फरक पडला नाही. नेमणुकीविषयी मी वर जे म्हटले ते हेच. आणि २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून बसलेला, पुढे खुनासाठी दोषी ठरलेला अधिकारी? तो विद्यापीठाचा पदवीधर होता, पोलिसी विद्येतच पदवी घेतलेला. मिनेसोटा हे तर पोलीस होण्यासाठी महाविद्यालयीन शिक्षण सक्तीचे करणारे राज्य म्हणून कित्येक दशके वाखाणले जात होते.

शिष्यवृत्ती आणि करार यांचा विषय निघाला की आपल्याला बडोदा आठवल्यावाचून राहत नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर ह्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्यावरही करार होता: शिकून आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी. १९१७ मध्ये ते करार पाळायला गेले. कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या माणसांनी हाकलले. दहा वर्षांचा करार दहा-बारा दिवसांत मोडला, आणि तो मोडला शिष्यवृत्ती देणाऱ्या राज्याने. राजा उदार होता, राज्य नव्हते. ‘लीप’ घेऊन परत आलेला एखादा काळा पोलीस अधिकारी आपल्याच खात्यात काय अनुभव घेत असेल, ह्याची कल्पना करायला आम्हांला तिकडचा अहवाल लागत नाही.

बाबासाहेबांनी त्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात काय केले? ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवर निबंध वाचला. आता २०२२ कडे या. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन मजूर यांच्या मुलांना परदेशी पाठविणारी केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १९५४-५५ पासून चालू आहे. त्या वर्षीच्या नियमांत असे घालण्यात आले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास ह्या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती नाही. म्हणजे १९१६ चा तो निबंध ह्या नियमात नापास. आपल्यातल्या एखाद्या मुलीला भारतीय तुरुंगांतली जात ह्या विषयावर परदेशात संशोधन करायचे असेल तर, नियम मी वाचतो त्याप्रमाणे, तिलाही दार बंद. त्याच वेळी पोलीस अधिकारी पगारी अभ्यास-रजेवर परदेशी विद्यापीठांत जातात. त्यांनी जावे. पण जो दंडुका चालवतो त्याने न्यायाविषयी शिकायचे, आणि जिने तो पाहिला आहे तिने त्याविषयी शिकू नये, ह्या वाटणीला काय म्हणायचे?

लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विद्यापीठांनी ते मराठीच्या अभ्यासक्रमात आत्मचरित्र म्हणून लावले, त्याच्या बोलीभाषेवर प्रश्न काढले. माझ्या मते त्या पुस्तकाची जागा चुकली. ते गुन्हेशास्त्राचे पुस्तक आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, १९५२ साली ज्यांना कागदावर मुक्त केले आणि सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी पुन्हा पोलिसांच्या वहीत आणून बसवले, त्या वहीतल्या एका नावाने ती वहीच उलटी वाचून दाखवली आहे. पोलीस प्रशिक्षण केंद्रात ते वाचायला लावा म्हटले तर लोक हसतील. बर्कलेतले विद्यालय का बंद झाले ते तेव्हा समजेल.

आणि हा इतिहास संपलेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमांत झाडूकाम आणि मैला साफ करण्याचे काम खालच्या मानलेल्या जातींना, स्वयंपाक वरच्यांना, अशी वाटणी लेखी स्वरूपात होती. विमुक्त जमातींच्या माणसांना सराईत गुन्हेगार धरणारे उल्लेख होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा म्हणून सांगितले. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षे हे नियम छापले जात होते, आणि ते छापणारे, तपासणारे, त्यांवर सही करणारे कोणीही अडाणी नव्हते. त्यांत पदव्युत्तर पदव्या घेतलेले होते, परदेशी शिकून आलेलेही असतील. त्या नियमांखाली झाडू हातात आलेल्यांत मात्र असे कितीतरी होते की ज्यांच्यावरचा खटलाही अजून चालला नव्हता. २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक असे कच्चे कैदी आहेत, आणि अनुसूचित जातींचा त्यांतला वाटा लोकसंख्येतल्या वाट्याहून मोठा आहे.

नियम दुरुस्त करायला न्यायालयाने राज्यांना तीन महिने दिले. दुरुस्तीचे काम गेले ते त्याच खात्यांकडे, त्याच कचेऱ्यांकडे. ज्याने तो झाडू हातात घेतला होता असा एखादा माणूस त्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या टेबलाशी बसवावा, असे निकालात कोठे म्हटलेले नाही. आपल्या संघटनांनी ते अजून मागितलेलेही नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या कारागृह अधीक्षकांकडे नव्या नियमांची प्रत मागावी, आणि ती मिळाली तर ह्या त्रैमासिकाकडे पाठवावी. पुढच्या अंकात ती वाचून तिच्यावर लिहायची माझी तयारी आहे.